रिले

तीस, पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी.
अंबादास येमूल हे पाढ्यासारखं म्हणतो.
मधले चोपन्न आकडे गाळले म्हणून
कोणी मास्तर त्याला छडी मारत नाही.

अक्कलकोट रोड, रसवंतीला लागून पत्र्याचं शेड.
खाली माझी फियाट, साल अडुसष्ट.
मंगरुळे डॉक्टरांकडून घेतली तेव्हा दिवे दिव्यांसारखे होते,
आता समईला लाज आणतात.
बटण दहा मिनिटांत तापतं.
परवा तर होटगीहून येताना बोट पोळलं.

'बटणाची चूक नाही बे,
बॅटरीवर बारा, दिव्यावर साडेनऊ.
अडीच व्होल्ट वाटेत कोण खाल्लं?'

मी ट्रेझरीत एकोणतीस वर्षं काढली.
हा प्रश्न मला विचारायला नको होता.

त्यानं वायर दाखवली. माझ्याच वयाची, कापडी वेष्टणाची,
बॅटरीपासून निघून फायरवॉलमधून आत,
डॅशबोर्डाखाली वळसा, बटणातून बाहेर,
पुन्हा सगळी वाट तुडवत पुढे दिव्याकडे.
एवढा सारा बोजा
बटणातल्या नखाएवढ्या पितळी जिभेवर.

मग करवतीनं एक मेलेला रिले उघडला.
आत तांब्याची कांडी,
केसाइतक्या तारेचे शेकडो वेढे.
'आमची अम्मा असल्या कांड्या भरायची, सुताच्या.
हिशोब भिंतीवर, खडूनं.
ह्यात सूत तांब्याचं, एवढाच फरक.'

बटणातून येणारा जरासा करंट
शहाऐंशीतून शिरतो, वेढे घेतो,
पंच्याऐंशीतून बॉडीत उतरतो.
तेवढ्या वेळापुरती कांडी लोहचुंबक होते
आणि वरची पट्टी ओढून घेते:
टक्.

तीस आणि सत्त्याऐंशी जुळतात.
जाड वायर, बॅटरी ते दिवा, मधे एक फ्यूज.
बटणाला त्या भाराची गंधवार्ता नाही.
दोन रस्ते एका डबीत, एकमेकांना न शिवता.
बटण सोडलं की स्प्रिंग पट्टी मागे नेते.
संपलं.

'मिलचा भोंगा ऐकलाय?' त्यानं विचारलं.
ऐकला होता. लहानपणी, झोपेत.
'एक दमेकरी माणूस वाजवायचा. आमच्याच गल्लीतला.
एवढासा दांडा. खाली ओढला की
अख्खी पेठ सायकलवर.
त्यानं काय कुणाला खांद्यावर घेऊन नेलं होतं?'

थोडा वेळ तो पाना शोधत राहिला,
पाना समोरच होता.
'मिल बंद होऊन किती वर्षं झाली.
मी अजून पावणेसहाला उठून बसतो.
काही रिले असं करतात. आतला पॉइंट जळून चिकटतो.
बटण बंद, तरी दिवा चालूच.
बॅटरी रातोरात रिकामी.'
'मग काय करायचं?'
'चापट मारायची. कधी सुटतो.'

त्याचे हात आता थरथरतात.
क्रिम्पिंगची पक्कड वर्षभरात त्यानं धरलेली नाही.
स्टुलावर बसून तो नुसता म्हणतो, 'लाल',
आणि भाची रेणुका बोनेटखाली आडवी होऊन
लाल वायर ओढते, सोलते, दाबते.
'अर्थ.' ती पॉलिशपेपरनं रंग घासून
उघड्या पत्र्यावर स्क्रू कसते.
सबंध दुपारभर त्यानं वीसेक शब्द खर्च केले असतील.
पत्रा तापून कडकड वाजत होता.
रसवंतीचे घुंगरू चालू-बंद, चालू-बंद.

साडेसातला तिनं मला आत बसवलं.
मी बटण ओढलं.
बोनेटखाली कुठेतरी टक्,
आणि समोरच्या भिंतीवरची अक्षरं पांढरी उठली:
येथे वाहन लावू नये.
भिंतीखाली झोपलेलं कुत्रं उठून
दोन पावलं सरकलं, पुन्हा झोपलं.

'किती?' त्यानं स्टुलावरूनच विचारलं.
'अकरा पॉइंट आठ,' रेणुका मीटर बघत म्हणाली.
तो खूश झाला नाही.
'पॉइंट दोन कुठं गेलं बघ.'

मी बटणावर बोट ठेवून बसलो होतो.
पाच मिनिटं. दहा. थंड.

पावतीवर तिनं लिहिलं:
रिले दोन, वायर सहा मीटर, फ्यूज, मजुरी.
भोंग्याचे काही लावले नाहीत.